फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या वाटांसाठीची, सायकल चालवायची आहे, पण मोटारींची वर्दळ नको. पाच-सहा दिवसांसाठी कुठे जावं? कनाल द्यु मिदी चांगला का?

कनाल द्यु मिदीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळे तोच सुचवतात. १६८१ मध्ये खुला झालेला, २४० किलोमीटरचा हा कालवा सुंदर आहे यात वाद नाही. पण तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आहेत. त्यापुढे काठाची वाट बरेच ठिकाणी अरुंद होते आणि प्लेन वृक्षांची मुळं आडवी येतात. सामान लादलेल्या सायकलवर दिवसभर मुळांचे धक्के खाल्ले की मनगटं बोलायला लागतात. शिवाय २००६ पासून बुरशीच्या रोगामुळे हजारो झाडं तोडावी लागली, त्यामुळे फोटोत दिसते ती सावली सलग मिळत नाही. पहिल्याच फेरीसाठी मी तो सुचवणार नाही.

मी आग्नेय फ्रान्सच्या आर्देश जिल्ह्यातली 'दोल्चे व्हिया' ही सायकलवाट सुचवेन. रोन नदीच्या काठच्या ला वूल्त गावापासून एरिय नदीच्या खोऱ्यातून ल शेलारपर्यंत, आणि तिथून दोन फाटे: एक सँताग्रेव्हला, दुसरा लामास्त्रला. सगळं मिळून सुमारे ९० किलोमीटर. इथे मीटरगेज रेल्वे होती, ती १९६८ मध्ये बंद पडली. रूळ निघाले, पूल, बोगदे आणि सावकाश चढणारी आखणी मात्र राहिली. ग्रॅव्हलला हेच हवं असतं. ला वूल्त समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत आहे आणि ल शेलार साधारण साडेचारशेवर, म्हणजे पन्नासेक किलोमीटरमध्ये चढ एक टक्क्याच्याही खाली. खरी चढण पुढच्या फाट्यावर: सँताग्रेव्ह जवळजवळ १,०५० मीटरवर आहे, सरासरी अडीच टक्के. पायाला कळतो, पण उतरून ढकलावं लागत नाही. लामास्त्रचा फाटा एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातो, म्हणून आधी चढ, मग उतार आणि परतताना पुन्हा तेच. सँताग्रेव्ह आणि लामास्त्र या दोन्ही टोकांना त्याच जुन्या लाइनीवर पर्यटकांसाठीच्या गाड्या अजून धावतात, त्यामुळे सायकलवाट तिथेच संपते.

वाटेचा पृष्ठभाग दाबलेल्या बारीक खडीचा आहे. आपल्याकडच्या चांगल्या रोलर फिरवलेल्या मुरमाच्या रस्त्याची कल्पना करा, फक्त धूळ कमी. टीजीव्ही या अतिवेगवान रेल्वेने व्हालॉन्सला उतरून रोनच्या काठाने जाणाऱ्या व्हियारोना मार्गाने ला वूल्तपर्यंत साधारण वीस किलोमीटर. पहिल्या दिवशी सँ-सोव्हर-द-मोंताग्यू, दुसऱ्या दिवशी ल शेलार. तिथे दोन-तीन रात्री मुक्काम टाका, सामान खोलीवर ठेवा आणि दोन्ही फाटे मोकळ्या सायकलने करा. शेवटच्या दिवशी उतार लागून व्हालॉन्स. पाच दिवसांत आरामात बसतं.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. सप्टेंबर ते नोव्हेंबर या भागात भूमध्य समुद्रावरून येणारा पाऊस अक्षरशः कोसळतो. तिथे त्याला 'सेव्हेनोल' पाऊस म्हणतात. एका रात्रीत खडी वाहून जाते, वाटेवर हातभर खोल चर पडतात, दरडी येतात आणि तुकडे बंद केले जातात. मे-जून उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यात ऊन तापतं, पहाटे निघावं लागतं.

दुसरा पर्याय 'पासापाईस': दक्षिण फ्रान्समधल्या ओ-लांगदोक डोंगरांच्या पायथ्याने बेदारियपासून माझामेपर्यंत सुमारे ८० किलोमीटर, हीही जुनी रेल्वेच. हिचा मोठा फायदा म्हणजे दोन्ही टोकांना चालू स्टेशनं आहेत, परत फिरायची गरज नाही. कूर्नियूच्या पुढे पाऊण किलोमीटरचा फनीय बोगदा लागतो. त्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी भूमध्य समुद्राला मिळतं, पश्चिमेचं अटलांटिकला. सह्याद्रीच्या धारेवर उभं राहिलेल्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको. बोगद्यातले दिवे चालू असतील असं गृहीत धरू नका, हँडलला दिवा हवाच.

अगदीच सपाट हवं असेल तर ब्रिटनीतला नांत–ब्रेस्त कालवा, ३६४ किलोमीटर. रदों ते जोसलँ ते पोंतिव्ही हा तुकडा निवडा. पोंतिव्हीच्या पुढे गेर्लेदांच्या धरणाने १७ लॉक (बोटी वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद) पाण्याखाली घेतले, त्यामुळे तिथे काठ सोडून चढउतारांच्या वळशाने जावं लागतं. या कालव्याकाठची वाट दाबलेल्या वाळूची. पाऊस पडला की चाकं जड होतात आणि बारीक रेती चेन नि ब्रेक पॅड खात जाते. रोज संध्याकाळी चेन पुसून तेल द्या आणि पॅडचा एक जादा जोड जवळ ठेवा.

आता मोटारी नाहीत हे नकाशावरून कसं ओळखायचं? फ्रान्सच्या वाहतूक नियमांत २००४ पासून 'व्वा व्हेर्त', शब्दशः हिरवी वाट, हा वेगळा प्रकार आहे. निळ्या चौकोनी पाटीवर पांढऱ्या रंगात पादचारी आणि सायकल दिसली की मोटारी आणि मोटरसायकली बंद. पण हिरवी वाट म्हणजे खडीची वाट असं नाही. देशातली पहिली, बुर्गुन्यातली जिव्हरी ते क्लुनी, १९९७ ची, डांबरी आहे. माहितीपत्रकात 'स्ताबिलिझे' शब्द शोधा, तो दाबलेल्या खडीचा. 'आंरोबे' म्हणजे डांबर.

हिरव्या वाटा जोडायला शेतांतल्या आणि रानांतल्या वाटा लागतात, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. 'शमँ र्युराल' म्हणजे गावाच्या मालकीची पाणंद, ती सर्वांना खुली असते. 'शमँ देक्सप्लोआतासियों' ही लगतच्या शेतकऱ्यांची सामायिक वहिवाट; तिथे ते लोकांना मनाई करू शकतात. नकाशावर दोन्ही सारख्याच रेघेने दिसतात, म्हणून जागेवरची पाटी वाचायचीच. 'प्रोप्रिएते प्रिव्हे' लिहिलं असेल तर मागे फिरा. फेब्रुवारी २०२३ च्या कायद्यानंतर स्पष्ट पाटी लावलेल्या खासगी रानात शिरल्यास १३५ युरोचा दंड होऊ शकतो. सरकारी वनांतल्या, म्हणजे 'फोरे दोमानियाल'मधल्या, आडव्या दांड्याने बंद केलेल्या वनरस्त्यांवर सायकल बिनदिक्कत घालता येते, मनाईची पाटी नसेल तर. दांड्याखालून वाकून जायचं. मात्र अलीकडे लाकूडतोड झालेला तुकडा असेल तर जड ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत सायकल रुतते. ते कोणत्याच नकाशावर दिसत नाही, म्हणून दिवसाचं अंतर ७० किलोमीटरपेक्षा जास्त आखू नका.

इंटरनेटवरच्या तयार ट्रॅकवर आंधळा विश्वास ठेवू नका. बरेचसे माउंटन बाइकवाल्यांनी रेकॉर्ड केलेले असतात. आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० नकाशा आणि सायक्लओएसएम हा सायकलस्वारांचा ऑनलाइन नकाशा शेजारी शेजारी उघडा. एकावर समोच्च रेषा दिसतात, दुसऱ्यावर पृष्ठभागाची प्रत, पहिली (टणक) ते पाचवी (मऊ). प्रत पहिली-दुसरी असेल तर निःशंक जा, तिसरीला कोरड्या दिवसांत, चौथी-पाचवी टाळा. जोडरस्ता म्हणून डांबर घ्यावंच लागलं तर 'डी'पुढे एक-दोन आकडे असलेले मोठे रस्ते सोडा आणि 'सी'चे ग्रामरस्ते घ्या.

शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर चालतो. रानाच्या तोंडाशी 'शास आं कूर' पाटी असेल तर आत हाकारा सुरू आहे. त्या रानात शिरू नका, आणि हंगामात नारिंगी जाकीट घाला. डोंगराळ कुरणांत मेंढ्यांचे राखण करणारे मोठे पांढरे कुत्रे, 'पातू', भेटतील. सायकलवरून उतरा, सायकल स्वतःच्या नि कुत्र्यांच्या मधे धरा, कळपाला लांबून वळसा घालून चालत जा. पळालात तर ते मागे लागतात.

टायर ४० ते ४५ मिलिमीटर, शक्यतो ट्यूबलेस. ७५ किलोचा चालक आणि आठ-दहा किलो सामान असेल तर पुढे ३२–३५, मागे ३६–४० पीएसआयच्या आसपास सुरू करा. ट्यूब असतील तर पाच वाढवा, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. रस्ता ओलांडायच्या जागी मोटारी अडवायला खांब असतात, फुगलेल्या पॅनिअर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, त्यात अडकतात. फ्रेमला बांधायच्या पिशव्या बऱ्या.

खेड्यांत जेवण दुपारी बारा ते दोनच मिळतं, आणि सोमवारी बऱ्याच बेकऱ्या नि दुकानं बंद असतात. रविवारी सकाळीच दोन वेळचं खायला घेऊन ठेवा. पाणी जवळपास प्रत्येक गावच्या दफनभूमीत नळाला मिळतं. पाटी मात्र वाचा: 'नों पोताब्ल' म्हणजे पिण्यायोग्य नाही. प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल तशीच चढवता येते, उन्हाळ्यात काही मार्गांवर आरक्षण लागतं. टीजीव्हीसाठी पुढचं-मागचं चाक काढून १३० बाय ९० सेंटीमीटरच्या पिशवीत बसवा. भारतातून कार्टनमध्ये सायकल नेणार असाल तर ही पातळ पिशवी घडी करून त्याच कार्टनमध्ये टाका, आणि कार्टन ठेवून घ्यायला पहिल्या रात्रीच्या हॉटेलला आधी विचारून ठेवा.