मागे दोन चाकं असलेल्या तीनचाकी मोटारसायकलवर बर्नआउट (गाडी जागेवर धरून मागची चाकं गरागरा फिरवून टायरचा धूर काढणं) करताना एकच चाक का फिरतं?

कारण मागच्या धुऱ्यातलं साधं डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणून एकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. जालना-परभणीकडे रस्त्याच्या कडेला काळ्या मातीची धूळ असते, त्या बाजूचं चाक आधी सुटतं. मग डिफरन्शियलच्या आतले छोटे स्पायडर गिअर भलत्या वेगानं फिरतात, वॉशर झिजतात, आणि त्या चाकाला अचानक पकड मिळाली तर अॅक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटू शकतो.

फक्त पुढच्या ब्रेकवर गाडी धरून ठेवता येईल, यावर विसंबू नका. वजन मागे जास्त असतं. पुढचं चाक जाम होऊन फरफटतं.

१०० सीसीच्या जुगाडावर (घरगुती जोडकाम करून बनवलेल्या तीनचाकीवर) तर हा नाद सोडाच. कोरड्या डांबरावर टायरआधी क्लच प्लेटा जळतात. क्लच सहसा इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे जळकट गाळ सगळ्या ऑइलमध्ये मिसळतो. वास आला की थांबा आणि ऑइल बदला.

करायचंच तर खासगी, बंदिस्त मैदानात, दोन्ही मागच्या टायरखाली पाणी टाकून, फार तर ५-६ सेकंद, मागे कुणीही उभं नसताना. सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागू शकतं, धोकादायक वाहन चालवण्याचं.