टाको फुटतो आणि बिल फुगतं

या महिन्यात कोल्हापूरच्या वाचकांकडून आलेले बरेचसे प्रश्न मेक्सिकन पदार्थांचे आहेत. त्यांतले पाच निवडून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : टाको उचलला की तळातून फुटतो आणि सारण ताटात पडतं. खायची काही पद्धत आहे का? घरी मक्याच्या पिठाचे करायला गेलो, तर तेही मोडतात. (राजारामपुरी)

फुटतो तो तळलेला, इंग्रजी व्ही आकाराचा कडक टाको. त्याची घडी हीच त्याची कमकुवत जागा. ओला राजमा किंवा टोमॅटोचा सालसा (चटणी) तळाशी गेला की दोन-चार मिनिटांत ती मऊ पडते. म्हणून तळाला चीज किंवा कोबी, त्यावर सारण आणि सालसा अगदी शेवटी, असा क्रम हवा. हॉटेलात भरूनच येत असेल तर सालसा वेगळ्या वाटीत मागा, आल्या आल्या खा, फोटो नंतर. खाताना मान तिरकी करा, टाको आडवा धरू नका. मुळात मेक्सिकोत टाको बहुधा मऊ टॉर्टियाचाच (पातळ पोळीचा) असतो आणि पुष्कळदा दोन टॉर्टिया एकावर एक ठेवून देतात. वरचा भिजला तरी खालचा सावरतो.

घरचं मोडायचं कारण वेगळं. मक्याच्या पिठात चिकटा नसतो. भाकरीला उकळतं पाणी घालून आपण तो थोडाफार आणतो, पण पातळ टॉर्टियाला तेवढा पुरत नाही. तिकडे मका आधी चुन्यात शिजवतात. 1 किलो पूर्ण वाळलेला मका (स्वीट कॉर्न चालत नाही), 3 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम खाण्याचा चुना घ्या. भिंतीला लावायचा चुना चुकूनही नको. पातेलं स्टीलचं घ्या, कारण ॲल्युमिनियमला चुना खातो. उकळी आल्यावर मंद आचेवर 30 ते 40 मिनिटं ठेवून रात्रभर तसंच झाकून ठेवा. सकाळी दाणा चिमटीत चोळल्यावर साल निसटली पाहिजे. निसटली नाही तर आणखी 10 मिनिटं उकळा. मग दोन-तीन पाण्यांनी धुवून, जेमतेम पाणी घालत वाटा. ओला मका गिरणीवाला घेणार नाही, तेव्हा पाटा किंवा वेट ग्राइंडरच. चुन्यानं साल विरघळते आणि पिठाला गोळा धरण्याइतका चिकटपणा येतो.

30 ग्रॅमचा गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांत ठेवून सपाट ताटलीनं दाबा. कडा तडकल्या तर पाणी कमी पडलंय, कागदाला चिकटला तर जास्त झालंय. तवा चांगला तापलेला हवा : पहिली बाजू 20 सेकंद, दुसरी पाऊण मिनिट, पुन्हा पालटली की फुगते. लगेच फडक्यात गुंडाळा, उघडी ठेवली की पापड होते.

चुन्याचं काम एवढ्यावर थांबत नाही. त्यानं मक्यातलं नायसिन हे ब-जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं. मका युरोपात पोचला, पण चुन्याची ही रीत मागेच राहिली. मग जिथे गरीब लोक मुख्यतः मक्यावरच जगत होते, तिथे नायसिनच्या अभावानं होणारा पेलाग्रा हा रोग पसरला.

प्रश्न : सगळंच फिकं लागतं. तिखट करून मागितलं तर वेटर चिली फ्लेक्सची पुडी आणून ठेवतो. (मंगळवार पेठ)

तांबड्या रश्श्यात तिखट शिजलेलं असतं, मेक्सिकन ताटात ते बहुतेक वेळा बाजूच्या सालशात असतं. तेव्हा 'पदार्थ तिखट करा' म्हणू नका. तसं म्हटलं की आतून शेजवान सॉस येतो आणि चवीचं वाटोळं होतं. 'सर्वांत तिखट सालसा कोणता आणि तो जादा मिळेल का' असं विचारा. बरणीतल्या हालापेन्योच्या चकत्यांवर भरवसा ठेवू नका. ही मिरची तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात साधारण 2,500 ते 8,000 भरते, शिवाय व्हिनेगरात मुरलेली, त्यामुळे आधी आंबट लागते. हबानेरो मात्र 1 लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत जाते. तिचा सालसा असेल तर अर्ध्या चमच्यानं सुरुवात करा, कोल्हापूरचे असलात तरी.

आणखी एक गफलत. मिरचीला तिखट करणारा कॅप्सायसिन स्निग्धात विरघळतो. वरून सावर क्रीम आणि 'चिपोटले' नावाचं मेयोनीज ओतून घेतलं की होता तो झणकाही बसतो. त्या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवायला सांगा. घरून आणलेला कांदा-लसूण मसाला वर भुरभुरू नका. तो तेलात परतल्याशिवाय कच्चटच लागतो.

प्रश्न : सासूबाई जैन आहेत. व्हेज बुरिटो (टॉर्टियात गुंडाळलेला राजमा-भात) त्यांना चालेल का? (शाहूपुरी)

'व्हेज' आणि 'जैन' यांतलं अंतर इथे फार मोठं आहे. राजम्याचं सारण सकाळीच कांदा-लसूण घालून घोटून ठेवलेलं असतं, ते ऐनवेळी काढता येत नाही. भात कांदा-टोमॅटोच्या वाटणात परततात. सालसा आणि ग्वाकामोलेत (अव्होकाडोच्या चटणीत) कच्चा कांदा असतो. तयार टाको मसाल्याच्या पाकिटातही बहुधा कांदा-लसणाची पूड असते. वेटर 'कांदा काढून देतो' म्हणाला तर तो फक्त वरचा कांदा समजा.

निव्वळ शाकाहारी असलात तरी तीन गोष्टी विचाराच. राजमा तेलात घोटलाय की डबाबंद आणलाय? मूळ पद्धतीत त्यात डुकराची चरबी असते, म्हणून डब्यावर हिरवा ठिपका पाहावा. भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का? टॉर्टिया भाजायचा तवा चिकनचाच आहे का? सासूबाईंसाठी साधा केसाडिया मागवा : गव्हाचा टॉर्टिया, हिरवा ठिपका असलेलं चीज, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, वेगळ्या तव्यावर. गर्दीच्या वेळी वेगळा तवा मिळत नाही, म्हणून फोन करून संध्याकाळी लवकर जा.

प्रश्न : नाचोज पार्सल आणले की लोळागोळा होतात. (कळंबा)

झाकणबंद डब्यातली वाफ आणि गरम चीज सॉस, दुसरं काय होणार! चिप्स कागदी पिशवीत, सॉस व सालसा वेगळे मागा. घरी कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं चिप्स परता. सॉस दाटला असेल तर चमचाभर दूध घालून गरम करा, पाणी घातलंत तर फुटेल.

प्रश्न : बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावतात. द्यावाच लागतो का? (ताराबाई पार्क)

नाही. ग्राहकाला न विचारता तो बिलात लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले. त्यावर जीएसटीही चढतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. 840 रुपयांच्या जेवणावर 84 रुपये चार्ज लावला की 5 टक्के कर 924 वर लागतो आणि बिल 970 रुपये 20 पैसे होतं. चार्ज काढला तर 882. काउंटरवर शांतपणे 'सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या' म्हणा. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर कळवा. हॉटेल जीएसटीच्या, लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला तुमच्याकडून जीएसटीही वेगळा घेता येत नाही. तसा उल्लेख बिलावर छापलेला असतो, पैसे देण्याआधी तो बघा. वेटरनं चांगलं वाढलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या.