मुलीशी घरात अहिराणी बोलल्यास तिची मराठी बिघडेल का?

आपला प्रश्न असा आहे की, मूळ गाव सटाणा, आता वास्तव्य नाशिकला आणि घरात आजी-आजोबा अहिराणी बोलणारे. तेव्हा तीन वर्षांच्या मुलीशी अहिराणी बोलावे, की तिची मराठी ‘शुद्ध’ राहावी म्हणून टाळावे? मी स्वतः देवळ्याच्या अहिराणी घरातला आहे आणि नाशकात वाढलो आहे. माझे मत असे की आजी-आजोबांनी तिच्याशी अहिराणीतच बोलावे आणि आपणही बोलावे.

अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हा समज आधी मनातून काढला पाहिजे. मराठीतला ‘घरचा’ अहिराणीत ‘घरना’ होतो, गुजरातीत ‘घरनो’. ‘माझा’ तिथे ‘मना’ असतो. मराठी आणि गुजराती यांच्यामधल्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या गेलेल्या भाषेचे हे स्वतःचे व्याकरण आहे, आणि ब्रिटिश काळातील भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांनीही आपल्या भारतातील भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीची, म्हणजे अहिराणी जिच्यात धरली जाते त्या भाषेची, नोंद मराठीहून वेगळी केली होती. जनगणनेत 2001 साली सुमारे 20 लाख 75 हजार लोकांनी खानदेशी ही मातृभाषा नोंदवली. 2011 मध्ये तो आकडा सुमारे 18 लाख 60 हजारांवर आला. अनेक अहिराणी घरे मातृभाषेपुढे मराठीच लिहितात हे धरूनही, लोकसंख्या वाढत असताना ही घट व्हावी याचे मला फार वाईट वाटते.

आता मुलीविषयी. 1984 मध्ये कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवून दिले की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखतात, पण वर्ष पूर्ण होईपर्यंत ही क्षमता बरीचशी ओसरते, कारण त्यांच्या कानावर तो फरक पडतच नाही. लहान मूल कानावर पडणारी भाषा अशा बारकाईने टिपत असते, आणि अशा दोन भाषा असल्या तरी ते गोंधळत नाही. आपली मुलगी ‘मना फ्रॉक कुठे आहे’ असे म्हणेल, तेव्हा घाबरू नका. दोन भाषांत वाढणारी मुले काही काळ अशी सरमिसळ करतात आणि कोणाशी कोणती भाषा बोलायची हे लवकरच ओळखू लागतात.

भाषेमुळे विचार घडतो का, असेही आपण विचारले आहे. एखाद्या भाषेत अमुक विचार करताच येत नाही, असे मला वाटत नाही. मात्र भाषा काही गोष्टींकडे लक्ष द्यायला भाग पाडते: मराठी माणसाला ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवताना ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे दर वेळी पाहावे लागते, तर हिंदीत ‘हम’ म्हणून भागते. दोन भाषा आल्या की लक्ष देण्याच्या अशा सवयीही दोन प्रकारच्या लागतात.

शाळा सुरू झाली की ती अहिराणीत विचारलेल्याला मराठीत उत्तर देऊ लागेल. हीच वेळ कठीण असते, कारण बहुतेक घरे इथेच माघार घेतात आणि पुढची पिढी भाषा समजणारी, पण न बोलणारी होते. तिला रागावू नका, दुरुस्तही करू नका. आपण आपली अहिराणी चालू ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला सटाण्याला जास्त दिवस राहू द्या, कारण मोठ्यांनी आग्रह करून जे साधत नाही, ते चुलत-आते भावंडांबरोबर खेळताना, भांडताना सहज साधते.