हाड जुळलं, पण भाकरी थापता येते का?

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझ्या थीसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, वाचला. मनगटाच्या फ्रॅक्चरला के-वायर (हाड धरून ठेवणारी बारीक तार) बरी की लॉकिंग प्लेट (स्क्रूने हाडावर बसवायची धातूची पट्टी), दोन्हीकडे तीस-तीस रुग्ण. विषय जुना आहे म्हणून मी नाक मुरडणार नाही. पण हा प्रश्न साठ रुग्णांत सुटत नाही. ब्रिटनमध्ये मॅथ्यू कॉस्टा आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी १८ रुग्णालयांतून ४६१ रुग्ण घेतले. तो ‘ड्राफ्ट’ अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सांधा न उघडता हाड जागेवर बसवता येईल असेच रुग्ण त्यात होते, आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांत रुग्णाला जाणवावा असा फरक निघाला नाही. साठ रुग्ण घेऊन तू ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलंस, तर त्यावरून दोन्ही उपचार सारखे ठरत नाहीत. फरक असलाच तर तो दिसायला रुग्ण पुरेसे नव्हते, एवढंच त्यातून कळतं.

त्याच मंडळींनी २०२२ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: हाड बसवल्यावर तारा तरी घालायला हव्यात का? ५०० रुग्णांत तारा आणि नीट मोल्ड केलेलं, म्हणजे हाताच्या आकारावर दाबून बसवलेलं, प्लास्टर यांची तुलना झाली. वर्षअखेर हाताचं काम सारखंच निघालं. प्लास्टरवाल्यांपैकी १३ टक्क्यांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि त्यांना ऑपरेशन लागलं. बाकीच्यांची त्या काळात तारेशिवाय सुटका झाली. रुग्णाला समोर बसवून सांगता येईल असं हे उत्तर आहे, म्हणून हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो.

तू तुलना सोड. आपल्याकडे येणारे मनगटाचे रुग्ण घे, ज्याला जो उपचार योग्य तो होऊ दे, आणि वर्षभर त्यांच्या मागे राहा. साठ रुग्ण त्यासाठी पुरतात. सिनॉप्सिसमध्ये एक्स-रेच्या मोजमापांना दोन पानं आहेत आणि रुग्ण काय करू शकतो याला एकच ओळ, हे उलटं कर. इन्सब्रुकला ६५ वर्षांवरच्या रुग्णांत प्लेट आणि प्लास्टर यांची तुलना झाली होती. प्लेटवाल्यांचे एक्स-रे सरस होते, पकडही जास्त होती, तरी वर्षानंतर रोजच्या कामांत दोघे बरोबरीचे निघाले.

आता त्या एका ओळीबद्दल. मनगट किती दुखतं आणि कुठली कामं जड जातात हे रुग्णालाच विचारणारा ‘पीआरडब्ल्यूई’ हा फॉर्म तू निवडला आहेस. १९९८ साली कॅनडातून आलेला, पंधरा प्रश्नांचा चांगला फॉर्म आहे. पण त्यातले प्रश्न एकदा मोठ्याने वाच. दाराची मूठ फिरवता येते का, सुरीने मांस कापता येतं का, टॉयलेट पेपर वापरता येतो का. ओल्या अंगणात घसरून पडलेली पंचावन्न वर्षांची बाई ‘मी हे करतच नाही’ म्हणते, आणि घाईत इंटर्न तिथे शून्य लिहितो. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही! जी माहिती मिळालीच नाही, ती उत्तम निकाल म्हणून मास्टर चार्टमध्ये, सगळ्या रुग्णांच्या एकत्र तक्त्यात, जाऊन बसते. असे रकाने रिकामेच ठेव आणि किती रिकामे राहिले ते थीसिसमध्ये लिही.

मूळ प्रश्न मात्र मनाने बदलू नकोस, नाहीतर तुझे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशेजारी ठेवता येणार नाहीत. त्याला वेगळं जोडपान लाव: भाकरी थापणं, धुणं पिळणं, भरलेली कळशी उचलणं, खुरपणं, जमिनीवर तळहात टेकून उठणं. शेवटचं नीट तपास, कारण तिथे वाकलेल्या मनगटावर अंगाचा भार येतो. आणि फॉर्म तू भरून घेऊ नकोस. ज्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं त्याला आपले लोक ‘बरं आहे साहेब’ असंच सांगतात, दुखत असलं तरी.

सगळ्यात जास्त कष्ट फॉलोअपला लागतील. बीडकडचा ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर कारखान्याच्या भागात जातो, तो सहा महिन्यांच्या तारखेला ओपीडीत येणार कसा? जो आला नाही तो कदाचित बरा होऊन कामाला लागला, कदाचित हात आखडला म्हणून दुसरीकडे गेला. तू दोघांनाही ‘लॉस्ट’ (संपर्क तुटला) लिहून मोकळं होतोस असं नको व्हायला. पहिल्याच दिवशी दोन फोन नंबर घे, एक घरचा आणि एक गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा. टोळी कुठल्या कारखान्याला जाते तेही विचार. येणं जमत नसेल तर जोडपानावरचे प्रश्न फोनवर विचारता येतात. फोनवर विचारले अशी नोंद मात्र ठेव. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या वैद्यकीय अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवी, हे तुला माहीत आहेच.

साध्या प्रश्नाची लाज वाटू देऊ नकोस. उघड्या फ्रॅक्चरची, म्हणजे जिथे हाडाबरोबर कातडीही फाटते तिथली, जखम कशाने धुवायची, हा प्रश्न ‘फ्लो’ अभ्यासानं २४४७ रुग्णांत तपासला. त्यात भारतातली रुग्णालयंही होती. साबणाच्या द्रावणाने धुतलेल्यांपैकी १४.८ टक्क्यांना वर्षाच्या आत पुन्हा ऑपरेशन लागलं, साध्या सलाइनवाल्यांपैकी ११.६ टक्क्यांना. पाण्याच्या दाबाने काही फरक पडला नाही. म्हणजे महागडं यंत्र नसलेल्या तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरातही उंचावर टांगलेल्या सलाइनच्या बाटलीने जखम नीट धुता येते. २०१५ साली हे छापून आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

जोडपान तयार झालं की ओपीडीतल्या चार-पाच बायकांना वाचून दाखव. त्यांनी एखादं काम सुचवलं तर ते घाल, आणि मग सुधारलेला सिनॉप्सिस मला पाठव. कमिटीच्या आधी मला तो वाचायचा आहे.

कळावे,
तुझा सर