कॉलराच्या लशीचे दोन डोस घ्यायचे असतात, मग साथीत लोकांना एकच का देतात?

कारण लस पुरत नाही. एक डोस शास्त्रीयदृष्ट्या जास्त चांगला आहे म्हणून नव्हे. तोंडावाटे द्यायच्या या लशीचा जागतिक साठा 2013 पासून आहे. कोणत्या देशाला किती लस द्यायची हे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉस महासंघ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांचा समन्वय गट ठरवतो. 2022 मध्ये हैती, मलावी, सीरिया अशा एकमेकांपासून दूरच्या देशांत साथी भडकल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या गटाने साथीच्या ठिकाणी एकाच डोसवर भागवायचं ठरवलं. हिशेब सरळ आहे: तेवढ्याच लशीत दुप्पट माणसं. त्यात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 'शांकोल'चं उत्पादन थांबवलं आणि काही काळ सगळी भिस्त दक्षिण कोरियातल्या युबायोलॉजिक्स या एकाच कंपनीवर राहिली. आता भारत बायोटेकची 'हिलकोल'ही आली आहे.

एक डोस म्हणजे निव्वळ मलमपट्टी असंही नाही. साथ आटोक्यात आणायला तो उपयोगी पडतो. पण दोन डोसांनी किमान तीन वर्षं संरक्षण मिळतं, तर एका डोसाचा भरवसा साधारण सहा महिन्यांचा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत तर त्याहून कमी. त्यामुळे जिथे पटकी दरवर्षी परतते, तिथे पाणी आणि संडासांची सोय झाल्याशिवाय एका डोसाने फार काळ निभणार नाही.