पायाखालचं जुनं स्टूल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या फूटस्टूलांबद्दल दोन पानं छापली आणि बडोद्यातूनच इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच द्यावा लागला. सगळी घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात आजेसासूबाईंचं पाय ठेवायचं स्टूल आहे. सागवानी, कातीव पाय, वर मखमल होती ती फाटून आतला काथ्या बाहेर आलाय, एक पाय डुगडुगतो. सुतार म्हणतो घासून मेलामाइनचं चकचकीत पॉलिश मारतो, एकदम नवं दिसेल. मिस्टर म्हणतात टाकून द्या, पफ आणू. काय करू?

टाकू नका, आणि कृपा करून घासूही देऊ नका! जुन्या सागवानावर जो काळसर तपकिरी रंग चढतो ना तो हवा, उजेड, हातापायांचा स्पर्श आणि वर्षानुवर्षांचं पुसणं या सगळ्यातून येतो, पॉलिशपेपर फिरला की दहा मिनिटांत गेला आणि मग कुठलाही डबा उघडून तो परत येत नाही. आधी फक्त किंचित ओल्या सुती कपड्याने पुसा, लगेच कोरडं करा. तेवढ्यानेच खूप फरक पडतो. वरचं पॉलिश कसलं आहे हे बघायचं असेल तर खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे, आणि मग दुरुस्तीही लाखेनेच करायची. लाखेचा नवा पातळ हात जुन्या लाखेत मिसळून जातो, मेलामाइनचं तसं नाही, त्याचा वेगळा थर बसतो आणि उद्या काढायचा म्हटलं तर खालचंही सगळं खरवडून निघतं.

डुगडुगणाऱ्या पायात खिळा ठोकू देऊ नका, लाकूड चिरतं. जुने सांधे बहुतेक सरसाने जोडलेले असतात आणि सरस कोमट पाण्याने सुटतो, म्हणजे सांधा उघडून, जुना सरस साफ करून, पुन्हा सरस लावून रात्रभर दाबून ठेवता येतो. सुताराला हे स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने फेविकॉलच घेईल, चालतं, पण पुढच्या वेळी उघडणं अवघड होतं.

गादीचं म्हणाल तर काथ्या चांगला असेल तर झटकून, उन्हात वाळवून तोच परत भरा, कमी पडला तर वर कापसाचा थर द्या. फोम घातला की स्टूल फुगतं आणि त्याचा घाट बिघडतो. मखमलीचा तुकडा नव्या कापडाखाली तसाच राहू द्या, पुढे कुणाला बघायचा असेल तर असेल. कापड जाड सुती किंवा खादी घ्या. बऱ्याच जणी जुन्या रेशमी साडीचे काठ लावायचं विचारतात पण टाचा घासून रेशीम वर्षभरात विरतं, जीव तुटतो बघून.

प्रश्न : शुक्रवारी बाजारात एकाने वेताच्या जाळीचं फूटस्टूल दाखवलं, म्हणाला राजवाड्यातलं आहे, शंभर वर्षांचं. खरं कसं ओळखायचं?

राजवाडा हा शब्द ऐकला की बडोद्यात किंमत दुप्पट होते! लक्ष्मी विलास १८९० मध्ये पूर्ण झाला म्हणून त्या काळातली प्रत्येक खुर्ची काही तिथली नसते, कागद नसेल तर ती गोष्ट सोडून द्या आणि स्टूल उलटं करा. सगळी माहिती खाली असते. प्लायवूड दिसलं किंवा डोक्यावर अधिकच्या खुणेचा, म्हणजे आपण स्टार म्हणतो तसला, स्क्रू मूळचाच वाटला तर वस्तू फार जुनी नाही, कारण तसले स्क्रू १९३० च्या दशकात आले. कातीव पायाला दोरा गुंडाळण्यापेक्षा कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याने, दोन बाजूंनी जाडी मोजा, लाकूड वाळताना सगळीकडे सारखं आकसत नाही त्यामुळे जुना गोल पाय किंचित लांबट गोल झालेला असतो. झीज कुठे आहे तेही बघा. पाय टेकतात तिथे कडा गुळगुळीत हवी, जमिनीला लागतात ती टोकं घासलेली हवीत, आणि जिथे कुणाचा हातच पोचत नाही तिथेही तेवढीच झीज असेल तर ती मुद्दाम केलेली आहे.

आणि हो, भोकांखाली पिठासारखा ताजा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे, असं स्टूल घरात आणून बाकीच्या फर्निचरशेजारी ठेवू नका. वेताची जाळी तुटली असली तरी घाबरू नका, विणून मिळते.

हे सगळं बघूनसुद्धा स्टूल साठ वर्षांचंच निघालं आणि घट्ट उभं राहत असलं, तर मी म्हणेन घ्या, फक्त साठ वर्षांच्याच भावाने घ्या.

प्रश्न : लग्नात आलेलं संखेड्याचं स्टूल आहे, कोरोनाच्या काळात सॅनिटायझरने पुसत होतो, आता वर पांढुरके चट्टे आलेत.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून झालं हे. संखेड्याच्या कामात सागवानावर कथलाच्या रंगाने नक्षी काढतात आणि वर लाखेचा थर देतात, त्या थरातून कथील सोन्यासारखं दिसतं, म्हणजे थर गेला की सोनंही जातं. घरी काही लावू नका. संखेडा बडोद्याहून काही फार लांब नाही, तिथल्या खरादी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, कारागिरांनाच दाखवा. तोवर कोरडा मऊ कपडा, आणि त्यावर गरम चहाचा कप अजिबात नाही.

प्रश्न : सासूबाईंची उंची कमी, सोफ्यावर बसल्या की पाय लोंबकळतात आणि संध्याकाळी सुजतात. किती उंच स्टूल घेऊ?

लोंबकळणाऱ्या पायांसाठी चार ते आठ इंच पुरे, त्यांना नेहमीच्या जागी बसवून तळवा आणि जमीन यातलं अंतर मोजा आणि तेवढंच घ्या. पाय लांब करून ठेवायचे असतील तर सोफ्याच्या बैठकीइतकं किंवा इंचभर कमी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गाऊटच्या, म्हणजे पायाचे सांधे सुजून दुखणाऱ्या आजाराच्या, रुग्णांसाठी उतरत्या गादीची स्टूलं बनत, तसलं मिळालं तर पोटरीला छान आधार मिळतो. पण सूज रोज येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, स्टूल हा त्यावरचा इलाज नाही. आणि वापरून झालं की ते सोफ्याखाली सरकलं पाहिजे, रात्री अंधारात म्हाताऱ्या माणसाच्या वाटेत ठेंगणं स्टूल ही फार वाईट गोष्ट आहे.

प्रश्न : मुलगी कॅनडाला असते, आमचं पणजोबांच्या वेळचं स्टूल तिला पाठवू का?

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वय तेवढं नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो, तो हातात आल्यावरच कुरियरवाल्याला बोलवा. लाकूड शिसवी असेल तर तेही आधीच सांगा, त्याच्या निर्यातीवर वेगळे नियम आहेत.