कुड्याची साल जिवाणू मारते का, यावर काम सुरू करतोयस? आधी हे वाच

सगळ्यात आधी झाड कोणतं ते पक्कं कर, कारण आपल्याकडे पांढरा कुडा आणि काळा कुडा यांची सर्रास अदलाबदल होते, मी स्वतः बाजारातून साल आणली आणि दोन महिने घासल्यावर कळलं की तो काळा निघाला 😅. जंगलात शेंगा बघ, पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्ट्या असतात, काळ्याच्या टोकाला चिकटलेल्या. तरी नमुना दाबून वाळवून पुण्यात बीएसआय (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) किंवा आघारकर संशोधन संस्थेला दाखवून झाडाची ओळख पटल्याचं प्रमाणपत्र घेच.

साल सावलीत वाळव. मिथेनॉलमध्ये अर्क काढलास की ड्रॅगेनडॉर्फ टेस्ट (अल्कलॉइड ओळखायची रासायनिक चाचणी) लाव, नारिंगी-लाल साका आला तर अल्कलॉइड (वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त रसायनं) असावेत, पण कोनेसिनच (पांढऱ्या कुड्यातलं मुख्य अल्कलॉइड) आहे असं लगेच लिहू नकोस, त्यासाठी टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करायची पद्धत) शुद्ध कोनेसिनचं स्टँडर्ड शेजारी चालवावं लागतं.

आता जिवाणू वाढवायच्या प्लेटचं. सगळे झोनचे (अर्काभोवती जिवाणू न वाढलेल्या मोकळ्या वर्तुळाचे) मिलीमीटर मोजत बसतात आणि खूश होतात, पण अर्क आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) नीट पसरलाच नाही तर चांगला अर्कही झोन देत नाही, शिवाय टॅनिन जास्त असलं की भलताच झोन दिसतो. नुसत्या डीएमएसओची (अर्क ज्यात विरघळवतोस त्या द्रावकाची) विहीर, म्हणजे आगरमधला खड्डा, कंट्रोल म्हणून हवीच हवी. जिवाणूंचं पाणी ०.५ मॅकफारलंडला (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाला) जुळवून घे आणि खरा आकडा हवा असेल तर ९६ विहिरींच्या प्लेटवर एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण) काढ. अर्क तपकिरी असल्याने गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग टाक, निळं गुलाबी झालं की जिवाणू जिवंत. ई. कोलाय दाद देत नसेल तर घाबरू नकोस, बाहेरचं आवरण चिवट असतं त्याचं.